राजीनामा शेवटी, धंदा आधी

सरळ उत्तर आधी देतो. राजीनामा आत्ता देऊ नका, पण धंदा मात्र या महिन्यातच सुरू करा. बहुतेक जण क्रम उलटा लावतात: आधी धडाक्यात नोकरी सोडतात आणि मग गिऱ्हाईक शोधायला निघतात. त्यातले बरेच जण वर्षभरात पुन्हा बायोडेटा काढून बसलेले मी पाहिलेत.

तुम्ही लिहिलंय ते थोडक्यात असं. वय 39, कितीतरी वर्षं अकाउंट्स विभागात एकाच खुर्चीवर. सुट्टीच्या दिवशी लाकूडकाम करता. ओळखीच्यांना पुस्तकांचं कपाट, अभ्यासाचं टेबल, एक पाळणा करून दिलात, सगळ्यांनी वाखाणलं. बायको नोकरी करते, मुलगी शाळेत आहे, आठ महिन्यांचा घरखर्च बाजूला पडलेला आहे. ऑफिसात जीव रमत नाही. फर्निचरचा स्वतःचा धंदा केला तर समाधान मिळेल का, आणि घर चालेल का, असं विचारताय. मी स्वतः पगारी नोकरी सोडून बाइंडिंगचा छोटा कारखाना उभा केला, आणि नव्याने धंद्यात पडणाऱ्यांचे हिशेब बरीच वर्षं बघून देतोय. तेवढ्या अधिकाराने लिहितो.

आधी समाधानाचं बोलू, कारण घर चालण्याचा प्रश्न वहीपेन्सिल घेऊन सुटतो, हा तसा सुटत नाही. रविवारी रंधा मारताना जे वाटतं तेच आठवडाभर वाटत राहील, असं तुम्ही गृहीत धरलंय. एकट्याने चालवलेल्या धंद्यात प्रत्यक्ष कारागिरीच्या वाट्याला निम्मा वेळ आला तरी पुष्कळ झालं. बाकीचा वेळ फोन, मापं घ्यायला जाणं, अंदाजपत्रक देणं, माल बघणं, बिल करणं, थकलेल्या पैशांची आठवण करून देणं, आणि 'रंग थोडा गडद झालाय' म्हणणाऱ्याची समजूत काढणं यात जातो. शिवाय रविवारी तुम्ही तुम्हाला सुचलेलं टेबल करता. धंद्यात समोरच्याला हवं ते करावं लागतं, आणि समोरच्याला बहुधा तेच साधं कपाट हवं असतं, एकसारखं, वीस वेळा.

आवडीच्या कामाला मोबदला जोडला की आवडीचं काय होतं, यावर 1973 साली लेपर, ग्रीन आणि निस्बेट यांनी बालवाडीतल्या मुलांवर केलेला प्रयोग मानसशास्त्रात प्रसिद्ध आहे. मनापासून चित्रं काढणारी मुलं निवडली. काहींना आधीच सांगितलं की चित्र काढलंत तर बक्षीस मिळेल. पुढे बक्षिसाचा विषय संपल्यावर हीच मुलं मोकळ्या वेळात बाकीच्यांपेक्षा कितीतरी कमी चित्रं काढताना दिसली. तुम्ही काही चार वर्षांचे नाही, आणि एका प्रयोगावरून कुणी आपलं आयुष्य ठरवू नये. पण छंदाचा धंदा करताना छंद गमावण्याची किंमत पडू शकते, हे मी माझ्या व्यवसायातही पाहिलंय. हाताने वह्या शिवण्याची आवड असणारे काही जण कारखाना टाकल्यावर सुईला हात लावेनासे होतात. काही जण मात्र धंद्यातच खुलतात. त्यांना शिवणीइतकीच गिऱ्हाइकाशी होणारी बोलाचाली आवडते, दर ठरवणं आवडतं, महिनाअखेरचा हिशेब आवडतो. तुम्ही कुठल्या जातकुळीचे आहात हे विचार करून कळणार नाही, करूनच कळेल.

तरीही धंदेवाल्यांना नोकरदारांपेक्षा जास्त समाधान असतं, हे खरं आहे. मथियास बेन्झ आणि ब्रूनो फ्राय या अर्थशास्त्रज्ञांनी अनेक देशांतली आकडेवारी पाहून तोच निष्कर्ष काढला. उत्पन्न आणि कामाचे तास जमेस धरले तरी स्वतःचं काम करणारे जास्त समाधानी निघाले, आणि त्याचं मुख्य कारण होतं डोक्यावर कुणी नसणं. आता याच्या जोडीला दुसरा आकडा ठेवा. बार्टन हॅमिल्टन यांनी 2000 साली अमेरिकेतल्या माहितीवरून दाखवलं की दहा वर्षं धंदा केल्यानंतरही मधल्या फळीतल्या माणसाची कमाई तेवढ्याच काळाच्या नोकरीतल्या कमाईपेक्षा सुमारे 35 टक्क्यांनी कमी होती. म्हणजे लोक स्वातंत्र्य विकत घेतात आणि त्याची किंमत दर महिन्याला मोजतात. ती मोजायला तुम्ही तयार असाल तर सौदा वाईट नाही. फक्त तो सौदा आहे हे ठाऊक असावं.

म्हणून एक गोष्ट तपासा. ऑफिसात नेमकं काय खुपतं? आकडेमोड खुपते, की साहेब खुपतो, की केलेल्या कामाचं काहीच डोळ्यांना दिसत नाही हे खुपतं? साहेब खुपत असेल तर नोकरी बदला, ते फार स्वस्तात पडतं. आकडेमोडच नकोशी झाली असेल तर धंद्यात ती चुकणार नाही, उलट पगार न घेता करावी लागेल. काम संपल्यावर हातात काही उरत नाही, हे जर दुखणं असेल तर लाकूडकाम हा त्यावरचा खरा इलाज आहे आणि पुढचं सगळं तुमच्यासाठी आहे.

आता कौतुकाबद्दल. ओळखीच्या माणसाने केलेली स्तुती हिशेबात धरू नका. त्यांनी तुम्हाला लाकडाचे पैसे दिले, फार तर वर थोडे. पूर्ण भावाने, आगाऊ रक्कम देऊन, तुम्हाला न ओळखणाऱ्या किती जणांनी वस्तू घेतली? तुमच्या पत्रात असा एकही नाही. पहिलं काम हेच. एक किंवा दोनच वस्तू निवडा, समजा अभ्यासाचं टेबल आणि भिंतीवरचं कपाट. त्यांचे फोटो, माप, लाकडाचा प्रकार, लागणारे दिवस आणि दर असा एक कागद तयार करा आणि अनोळखी लोकांपर्यंत पोचवा. दर सांगितल्यावर समोरचा गप्प झाला तर तुम्हीही गप्प बसा. घाबरून लगेच सूट जाहीर करू नका. 'महाग आहे' हे उत्तर उपयोगी असतं, 'छान आहे हो' हे नसतं.

हे सगळं नोकरीत राहूनच का? कारण त्याने टिकण्याची शक्यता वाढते. जोसेफ रॅफी आणि जी फेंग यांनी 2014 साली प्रसिद्ध केलेल्या अभ्यासात एकदम नोकरी सोडून धंद्यात उडी घेणारे आणि आधी नोकरी सांभाळून धंदा करून मग पूर्णवेळ झालेले, अशा दोन गटांची तुलना केली होती. दुसऱ्या गटाचा धंदा गुंडाळला जाण्याचं प्रमाण सुमारे एक तृतीयांशाने कमी निघालं. मला यात नवल वाटत नाही. पगार चालू असताना माणूस वाईट गिऱ्हाइकाला नाही म्हणू शकतो. पगार बंद झाला की पहिल्या तिमाहीतच मिळेल ते काम मिळेल त्या भावात उचलू लागतो, आणि तो भाव मग त्याला कायमचा चिकटतो.

नायके कंपनीचे फिल नाइट तुमच्यासारखेच हिशेबनीस होते. बिल बॉवरमन यांच्याबरोबर त्यांनी 1964 साली बूट विकण्याचा धंदा सुरू केला, तेव्हा कंपनीचं नाव वेगळं होतं. पण पुढची पाच वर्षं ते आधी अकाउंटंट म्हणून नोकरी करत राहिले, नंतर विद्यापीठात अकाउंटिंग शिकवत राहिले. स्वतःच्या कंपनीत पूर्णवेळ आले ते 1969 मध्ये. स्टीव्ह वॉझ्नियॅक यांचं उदाहरण आणखी मजेशीर आहे. एप्रिल 1976 मध्ये ॲपल स्थापन झाली तरी ते ह्युलेट-पॅकार्डची नोकरी सोडायला तयार नव्हते. भांडवल घालणाऱ्या माइक मार्कुला यांनी नोकरी सोडण्याची अट घातली तेव्हाही त्यांनी आधी नकारच दिला होता.

वॉझ्नियॅक यांची आणखी एक गोष्ट तुमच्या कामाची आहे. नोकरीत असताना तयार केलेल्या संगणकावर आपल्या मालकाचा हक्क पोचतो हे ओळखून त्यांनी तो आधी ह्युलेट-पॅकार्डला दाखवला. कंपनीने तो नाकारल्यावरच मार्ग मोकळा झाला. तेव्हा तुमचं नेमणूकपत्र कपाटातून काढा आणि जोडधंद्याबद्दल काय लिहिलंय ते शब्दन् शब्द वाचा. परवानगी लागत असेल तर लेखी घ्या. हिशेबनीसाने लाकडाची टेबलं विकण्याला सहसा कुणाची हरकत नसते, पण 'सहसा' या शब्दावर नोकरी टांगू नये. कंपनीच्या वेळेत, कंपनीच्या फोनवर किंवा कंपनीच्या गिऱ्हाइकांना काही विकायचं नाही, हे वेगळं सांगायला नको.

दर काढण्यापाशी सगळ्यात जास्त माणसं आपटतात, म्हणून इथे जरा थांबतो. तुम्ही मनात बहुतेक असा हिशेब केला असेल: महिन्याचा पगार भागिले कामाचे तास, म्हणजे माझ्या तासाची किंमत. तुमचा पगार 100 मानू. महिन्याला 176 तास. म्हणजे तासाला 0.57. अधिक लाकूड, अधिक थोडा नफा, झाला दर. हा हिशेब साफ चुकीचा आहे.

धंद्यात तुम्हाला 100 तर हवेतच, शिवाय जागेचं भाडं, वीज, पात्यांची धार, मोडलेली हत्यारं, वाहतूक, विमा आणि वाया गेलेलं लाकूड यांचे 40 धरा. झाले 140. आता तास बघा. 176 पैकी प्रत्यक्ष बिल करता येईल असं काम 80 तासांचं होईल, कारण बाकीचे मी वर सांगितलेल्या भानगडींत जातात, आणि आजारपण व सुट्ट्याही त्यातच येतात. 140 भागिले 80 म्हणजे 1.75. मनातल्या दराच्या तिप्पट! आणि यात लाकडाची किंमत धरलेली नाही, कर नाही, धंद्याच्या वाढीसाठी ठेवायचा नफाही नाही. हे 40 आणि 80 मी उदाहरणादाखल घेतलेत. तुमचे खरे आकडे जोडधंद्याच्या काळात वहीत तासागणिक लिहून काढा. अभ्यासाच्या टेबलाला पहिल्या वेळी किती तास लागले, पाचव्या वेळी किती, पॉलिश वाळेपर्यंत जागा किती दिवस अडकली, सगळं. तिप्पट दराला गिऱ्हाईक मिळत नसेल तर तीन वाटा उरतात: तास कमी करणारी यंत्रं आणि ठरावीक मापं, जास्त मोजणारं वेगळं गिऱ्हाईक, किंवा हा छंद छंदच ठेवणं. तिसरी वाट लाजिरवाणी नाही.

तुमची जमेची बाजू इथेच आहे, आणि पत्रात तुम्ही तिचा उल्लेखही केला नाहीत. चांगले कारागीर हिशेबाच्या वहीपाशी अडखळतात, तुम्ही तिथे आयुष्य काढलंय. म्हणून खेळत्या भांडवलाचं तुम्हाला फार समजावत बसत नाही, फक्त एवढंच की ऑफिसात 'येणं बाकी' हा एक रकाना असतो, स्वतःच्या धंद्यात तो भाड्याचा हप्ता असतो. लाकूड आज रोख घ्यायचं, टेबल पुढच्या महिन्यात द्यायचं, आणि पैसे त्यानंतर दीड महिन्याने यायचे, या गतीने काम वाढलं तर ऑर्डरी दुप्पट होतील तसा गल्ला रिकामा होत जाईल. कागदावर नफा आणि खिशात काही नाही, असा धंदा बंद पडलेला मी एकदा नाही, अनेकदा पाहिलाय. निम्मी रक्कम ऑर्डरीबरोबर आणि उरलेली माल उतरवण्याआधी, हा नियम पहिल्या गिऱ्हाइकापासून लावा. नातेवाइकांना तर आवर्जून लावा.

आता ते आठ महिने. तुम्ही ते धंद्याची मुदत म्हणून मोजताय. पण त्याच पैशातून रंधायंत्र घ्यायचं, जागेची अनामत भरायची, पहिलं लाकूड आणायचं, मग घरखर्चाला किती उरतात? घर आणि धंदा यांची दोन वेगळी खाती आजच करा आणि एकातून दुसऱ्यात पैसे वळवायचे तर दोघांच्या सहीने वळवा. घरखर्चाचे किमान बारा महिने, धंद्याच्या खर्चाला हात न लावता, असं मी सांगेन. मुलगी शाळेत आहे म्हणून पंधरा झाले तर बरं. बायकोच्या पगारात घराचा किती भाग निघतो ते पत्रात नाही. तो निम्म्याहून जास्त असेल तर हा आकडा बराच खाली येतो.

नफा किती होईल यापेक्षा नुकसान किती सोसेल हे आधी ठरवा. सरस सरस्वती या संशोधिकेने अनुभवी उद्योजक निर्णय कसे घेतात याचा अभ्यास केला आणि 2001 साली मांडणी केली. त्यात हाच मुद्दा ठळक आहे: ही माणसं भविष्यातल्या कमाईचे मनोरे रचत नाहीत, आपल्याला परवडेल एवढंच नुकसान ठरवतात आणि तेवढ्यात काय करता येईल ते बघतात. तुम्हीही एक रक्कम आणि एक तारीख कागदावर लिहा. ही रक्कम संपली किंवा या तारखेपर्यंत धंद्यातून घरखर्चाचा ठरावीक हिस्सा निघत नसेल, तर मी परत नोकरी शोधेन. हे डोकं शांत असताना लिहायचं. पैसे संपत आलेले असताना प्रत्येकाला पुढचाच महिना सोन्याचा दिसतो. अमेरिकेत 1988 साली प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात जवळपास तीन हजार नव्या धंदेवाल्यांना यशाची शक्यता विचारली होती. 81 टक्के लोकांनी ती दहात सात किंवा त्याहून जास्त सांगितली, आणि एक तृतीयांश लोकांनी दहात दहा. प्रत्यक्षात त्याच देशाच्या सरकारी आकडेवारीनुसार नव्या आस्थापनांपैकी साधारण पाचातली एक पहिल्या वर्षात बंद होते आणि जवळपास निम्म्या पाच वर्षांत. बंद होणारी प्रत्येक बुडतेच असं नाही, काही मालक आपणहून आवरतात, पण अंदाज आणि वास्तव यातली दरी बघा.

तो कागद बायकोबरोबर बसून लिहा. 'तिचा पाठिंबा आहे' असं तुम्ही एका ओळीत लिहिलंय. कशाला पाठिंबा आहे? सुट्टीचे दिवस जाणार याला? घरात लाकडाचा भुसा येणार याला? वर्षभर मोठी खरेदी नाही याला? की नुसतं 'कर तुला आवडतं तर' असं म्हणाली? पगार ज्याचा येत राहतो त्याच्या खांद्यावर घराचा भार जातो, आणि तो किती काळ, हे त्या माणसाला तारखेसकट कळायला हवं. माझ्या माहितीतले जे धंदे टिकले त्यांच्या घरात ही बोलणी आधीच स्पष्ट झाली होती.

वयाची चिंता सोडा. पिएर आझूले आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी अमेरिकेतल्या लाखो नव्या कंपन्यांची माहिती तपासली तेव्हा संस्थापकाचं सरासरी वय 42 च्या आसपास निघालं, आणि सर्वांत वेगाने वाढलेल्या हजारात एक कंपन्यांचं 45. त्याच अभ्यासात त्याच क्षेत्रातला आधीचा अनुभव फार मोलाचा ठरलेला दिसतो, आणि तो तुमच्याकडे नाही. सुट्टीतलं लाकूडकाम म्हणजे व्यवसायाचा अनुभव नव्हे. एखाद्या चालत्या कारखान्यात रजा टाकून काही आठवडे काम करता आलं तर बघा, फुकट करावं लागलं तरी. माल कुठून येतो, दुरुस्तीची तक्रार कशी मिटवतात, कामगार अचानक आला नाही तर काय करतात, हे तिथेच दिसेल.

मग सोडायची कधी? माझी कसोटी अशी: सलग सहा महिने, फक्त संध्याकाळी आणि सुट्टीच्या दिवशी काम करून, खर्च वजा जाता घरखर्चाचा तिसरा हिस्सा तरी धंद्यातून निघतोय. गिऱ्हाइकांतले निम्म्याहून जास्त अनोळखी आहेत. आणि वेळ नाही म्हणून तुम्ही पूर्ण भावाच्या ऑर्डरी परत पाठवताय. तिसरी गोष्ट सगळ्यात महत्त्वाची. गिऱ्हाईक नाही म्हणून वेळ रिकामा असेल तर नोकरी सोडल्याने रिकामा वेळ तेवढा वाढेल. नोकरीत अर्धवेळ होण्याची किंवा बिनपगारी रजेची सोय असेल तर मधला टप्पा म्हणून ती आधी मागून बघा, लोक विचारतच नाहीत.

तारीख ठरली की राजीनामा देण्याआधी काही कामं उरकून घ्या. कंपनीच्या आरोग्य विम्यावर घर अवलंबून असेल तर स्वतःचा विमा आधी काढा आणि दोन्ही थोडे दिवस एकावर एक चालू द्या. घरासाठी कर्ज लागणार असेल तर पगार चालू असतानाच अर्ज करा. नव्या धंदेवाल्याला बँक काही वर्षांचे हिशेब मागते. यंत्रासाठी मात्र कर्ज काढू नका, पहिलं वर्ष जुनं वापरलेलं यंत्र घ्या किंवा दुसऱ्याच्या कारखान्यात तासाच्या भाड्याने काम करा. नोटीसचा काळ पूर्ण भरा, हाताखालच्याला काम नीट समजावून द्या, आणि जाताना साहेबाला चार शब्द सुनावण्याचा मोह टाळा. कागदावरची तारीख तुमच्या बाजूने लागली नाही तर दार ठोठवायची पहिली जागा तीच असते. आणि धंदा चालला तर त्याच ऑफिसला कधीतरी टेबलं लागतीलच. तेव्हाही निम्मी रक्कम आधी घ्या.